सहा जोड डंबेल्स आणि एक करार

18 मार्च 2021. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा तीन दिवसांवर आली होती. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहरात देशभरातले संघ येऊन दाखल झाले होते. कोविडच्या नियमांमुळे हॉटेल, सरावाचं मैदान आणि पुन्हा हॉटेल, एवढंच त्यांचं जग होतं. त्या दिवशी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तंदुरुस्ती प्रशिक्षक अ‍ॅली कर्शनर यांनी इन्स्टाग्रामवर दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. एका फोटोत इंडियानापोलिसला पुरुषांच्या स्पर्धेसाठी उभारलेली व्यायामशाळा होती: रांगेने लावलेले रॅक, बार्बेल, बाकडी, भरपूर वजनं. दुसऱ्यात महिलांची सोय दिसत होती. डंबेल्सच्या सहा जोड्या मांडलेला एक छोटा स्टँड आणि योगासनांच्या काही चटया.

दोन्ही स्पर्धांचा यजमान एकच, एनसीएए. अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांचा कारभार पाहणारी ही संघटना. तिच्याकडून तातडीने खुलासा आला की जागा मर्यादित आहे, पुढच्या फेऱ्यांत संघ कमी झाले की व्यायामाची सोय वाढवण्याचा बेत होताच. ओरेगन विद्यापीठाची सहा फूट सात इंच उंचीची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने हा खुलासा वाचला आणि मोबाइल काढला. तिने आधी तो डंबेल्सचा स्टँड दाखवला, मग पुरुषांच्या व्यायामशाळेचं चित्रण, मग कॅमेरा सावकाश फिरवला. सरावाच्या मैदानाशेजारी भला मोठा हॉल रिकामा पडलेला होता. टिकटॉक आणि ट्विटरवर हा व्हिडिओ लाखोंनी पाहिला. स्टीफन करीसारख्या खेळाडूंनी तो पुढे पाठवला. क्रीडासाहित्य विकणाऱ्या एका बड्या साखळीने तर 'आमचे ट्रक भरून तयार आहेत' असं जाहीर करून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी एनसीएएचे बास्केटबॉल प्रमुख डॅन गॅविट यांनी जाहीर माफी मागितली. 20 तारखेला, शनिवारी, त्याच रिकाम्या हॉलमध्ये रॅक, बार्बेल, बाकडी सगळं उभं राहिलं. जागा होती, सामान मिळत होतं, पैसेही होते. दोन रात्रींत जे उभं राहू शकलं ते आधी का उभं राहिलं नाही, हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि मला या प्रकरणात रस आहे तो त्यासाठी. डंबेल्सपासून निघालेला माग काढत गेलं की आपण एका टीव्ही कराराशी येऊन पोहोचतो.

बाकीची यादी

एकदा नजर तिकडे वळल्यावर फरक दिसतच गेले. पुरुषांना जेवणात बुफे, महिलांना डबाबंद जेवण. भेटवस्तूंच्या पिशव्यांमध्ये उघड तफावत. हे सगळं किरकोळ म्हणून सोडून देता येईल. कोविडच्या चाचण्यांचं तसं नाही. पुरुषांची रोज पीसीआर चाचणी होत होती आणि महिलांची रोज अँटिजेन चाचणी. दुसरी स्वस्त आणि झटपट, पण पहिलीइतकी भरवशाची नाही, हे 2021 साली शाळकरी मुलांनाही माहीत होतं. दोन्ही पद्धती आपल्या वैद्यकीय सल्लागारांना मान्य असल्याचं एनसीएएने सांगितलं. दोन्ही मान्य असतील तर महाग चाचणी नेमकी पुरुषांच्याच वाट्याला का आली, याचं उत्तर त्यात नव्हतं.

नावाचंही तेच. 'मार्च मॅडनेस' हे नाव अमेरिकेत या काळात प्रत्येकाच्या तोंडी असतं आणि त्याचा ट्रेडमार्क एनसीएएकडे आहे. महिलांसाठी ते वापरायला कायद्याची आडकाठी नव्हती. तरी मैदानावर, फलकांवर, अधिकृत खात्यांवर ते फक्त पुरुषांच्या स्पर्धेसाठी राखलेलं होतं. साउथ कॅरोलिनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. वजनं आणि भेटवस्तू हा खरा मुद्दाच नाही, या मुलींची तेवढी पात्रता आहे असं तुम्हाला वाटत नाही हा मुद्दा आहे, असं त्यांच्या निवेदनाचं सार होतं. स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडर्व्हिअर तेव्हा पस्तीस वर्षांहून जास्त काळ प्रशिक्षक होत्या. त्यांनी लिहिलं की महिलांची आता वाट पाहून झाली आहे, आणि प्रश्न एका व्यायामशाळेपुरता उरलेला नाही.

मैदानावर

या गदारोळात खेळ बाजूला पडला असं कुणाला वाटेल, पण ती स्पर्धा अफलातून झाली. 2020 ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली होती, त्यामुळे सगळे संघ दोन वर्षांचे भुकेले होते. स्टॅनफर्डची कहाणी तर विलक्षण. नोव्हेंबर 2020 च्या अखेरीस त्यांच्या सांता क्लारा काउंटीने अंगाला अंग लागणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि संघ आपल्याच मैदानातून बेघर झाला. त्यांनी आठवडेच्या आठवडे हॉटेलांत काढले, परक्या मैदानांवर सामने खेळले. याच भटकंतीत, डिसेंबरमध्ये, व्हॅनडर्व्हिअर यांनी टेनेसी विद्यापीठाच्या दिवंगत प्रशिक्षक पॅट समिट यांचा 1,098 विजयांचा विक्रम मागे टाकला.

उपांत्य फेरीत स्टॅनफर्डने साउथ कॅरोलिनाला 66–65 असं हरवलं. शेवटच्या क्षणी अलिया बॉस्टनचा फटका रिंगला लागून बाहेर आला नसता तर निकाल उलटा होता. दुसऱ्या उपांत्य सामन्यात अ‍ॅरिझोनाने कनेटिकटला 69–59 ने गारद केलं. कनेटिकटकडे पेज बेकर्स होती, पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली. अ‍ॅरिझोनाला फारसं कुणी मोजत नव्हतं. उपांत्य फेरीच्या जाहिरातीच्या एका व्हिडिओत तर बाकीचे तीन संघ होते आणि अ‍ॅरिझोना नव्हता! प्रशिक्षक अडिया बार्न्स यांनी त्याचा संघाला पेटवण्यासाठी पुरेपूर वापर केला. त्या आणि डॉन स्टेली, अशा दोन कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक एकाच वर्षी शेवटच्या चारांत पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती. अंतिम सामन्याच्या मध्यंतरात बार्न्स आपल्या काही महिन्यांच्या बाळासाठी दूध काढून ठेवत होत्या, म्हणून त्यांना मैदानात परतायला जरा उशीर झाला.

4 एप्रिलला अलामोडोममध्ये अंतिम सामना झाला. स्टॅनफर्ड 54, अ‍ॅरिझोना 53. शेवटच्या मिनिटात स्टॅनफर्डला वेळेत फटकाच मारता आला नाही आणि सहा सेकंद उरलेले असताना चेंडू अ‍ॅरिझोनाकडे गेला. तो कुणाच्या हाती जाणार हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं. पाच फूट सहा इंचांच्या आरी मॅकडॉनल्डने 22 गुण केले होते. तिच्याभोवती तिघी उभ्या राहिल्या, तिने तरी फटका मारला, चेंडू रिंगवर आदळला आणि बाहेर गेला. स्टॅनफर्डला 1992 नंतर, म्हणजे 29 वर्षांनी विजेतेपद मिळालं. त्यांची हेली जोन्स स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या अंतिम सामन्यात बेलरने गोन्झागाला 86–70 असं सहज हरवलं. त्या दोन दिवसांत चुरस कुठे होती ते आकडेच सांगतात.

चौकशीत काय निघालं

एनसीएएचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांनी रोबर्टा कॅप्लन यांच्या कायदा कंपनीला चौकशी करायला सांगितली. पहिला अहवाल 3 ऑगस्ट 2021 रोजी आला. अशा अहवालांची भाषा गुळमुळीत असते, हा तसा नव्हता. एनसीएएचे प्रक्षेपण करार, प्रायोजकांशी असलेले करार आणि पैसे वाटण्याची पद्धत, या तिन्हींतच विषमता बांधलेली आहे असं त्याने स्पष्ट म्हटलं.

व्यायामशाळेचं कोडं अहवालात सुटतं, आणि ते ज्या पद्धतीने सुटतं ते मला जास्त अस्वस्थ करतं. एरवीच्या वर्षी व्यायामशाळेची वेगळी सोय करावी लागत नाही. एकाच शहरात सगळ्यांना ठेवायचं ठरल्यावर ती गरज उभी राहिली. पुरुषांच्या गटाने ती सुरुवातीपासून धरली, महिलांच्या गटाने तिसऱ्या फेरीपासून. दोन्ही गटांची आखणी वेगवेगळी चालली होती आणि दोन याद्या शेजारी ठेवून पाहणं हे कुणाचंच काम नव्हतं. महिला बास्केटबॉलच्या उपाध्यक्ष लिन होल्झमन या गॅविट यांच्या हाताखाली होत्या, म्हणजे कागदावर दोन्ही स्पर्धांचा वरिष्ठ एकच. पण गॅविट यांचं लक्ष, आणि संघटनेतल्या बहुतेकांचं लक्ष, जिथून पैसा येतो तिकडे. कुणी दुष्टपणे 'मुलींना सहा जोड डंबेल्स पुरेत' असं ठरवलेलं नव्हतं. तसं कुणी ठरवलं असतं तर त्याला काढून टाकून प्रश्न मिटला असता.

पैशांचे आकडे असे. 2019 च्या, म्हणजे कोविडपूर्वीच्या शेवटच्या स्पर्धेत एनसीएएने पुरुषांवर 5.32 कोटी डॉलर खर्च केले आणि महिलांवर 1.79 कोटी. यातला काही फरक रास्तही आहे, पुरुषांचे सामने मोठ्या स्टेडियममध्ये होतात आणि तेव्हा त्यांचे संघही जास्त, 68, होते. पण साडेतीन कोटींची दरी त्याने भरत नाही. एनसीएएची नेहमीची बाजू अशी की 2019 साली पुरुषांच्या स्पर्धेने 86.46 कोटी डॉलर निव्वळ मिळवून दिले आणि महिलांची स्पर्धा 28 लाखांच्या तोट्यात गेली. ज्याची कमाई जास्त त्याच्यावर खर्च जास्त. हे ऐकायला बिनतोड वाटतं. कॅप्लन अहवालाने विचारलं की ही कमाई मोजली कशी?

करार

पुरुषांच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांकडे आहेत. 2010 सालचा करार 14 वर्षांचा आणि 1,080 कोटी डॉलरचा होता. 2016 मध्ये त्याला आणखी आठ वर्षं आणि 880 कोटी जोडले गेले आणि तो 2032 पर्यंत गेला. महिलांच्या स्पर्धेचे हक्क ईएसपीएन या क्रीडावाहिनीकडे होते, पण ते एकट्या महिला बास्केटबॉलचे नव्हतेच. इतर 28 अजिंक्यपद स्पर्धांबरोबर त्यांची मोट बांधून वर्षाला सरासरी 3.4 कोटी डॉलरला ती सगळी विकलेली होती. बाजारात शेपूची जुडी आणि हापूसची पेटी एकाच गोणीत घालून गोणीचा भाव सांगावा, आणि मग पेटीला भाव नाही म्हणून हळहळावं, तसला हा व्यवहार.

अहवालासाठी प्रक्षेपणातल्या तज्ज्ञांनी अंदाज काढला की महिलांच्या स्पर्धेचे हक्क स्वतंत्रपणे विकले तर 2025 मध्ये वर्षाला 8.1 ते 11.2 कोटी डॉलर येऊ शकतात. म्हणजे सगळ्या मोटेच्या दुप्पट-तिप्पट, एकट्या एका स्पर्धेचे.

प्रायोजकांचं गणित त्याहून विचित्र. एनसीएएच्या झाडून सगळ्या अजिंक्यपद स्पर्धांच्या प्रायोजकत्वाचे हक्क विकण्याचं काम सीबीएस-टर्नरकडेच होतं. एखाद्या कंपनीला फक्त महिलांच्या स्पर्धेशी नाव जोडायचं असेल तर तसं करता येत नसे, आधी पुरुषांच्या स्पर्धेचं महागडं प्रायोजकत्व घ्यावं लागे. विक्रेता असा, ज्याने महिलांची स्पर्धा दाखवायचीच नाही आणि ती विकण्यात ज्याला फारसा फायदाही नाही. मग प्रायोजक मिळत नाहीत, उत्पन्न नाही, खर्च कमी, प्रसिद्धी कमी, आणि पुढच्या करारात पुन्हा किंमत कमी. तोटा असा तयार होत होता.

यात तिसरी कडी होती विद्यापीठांची. पुरुषांच्या स्पर्धेत संघ जितके सामने खेळेल तितके 'युनिट' त्याच्या विद्यापीठसमूहाच्या नावावर जमा होतात. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून अंदाजे वीस लाख डॉलर हाती पडतात. महिलांच्या स्पर्धेत अशी युनिटंच नव्हती. 2021 ची विजेती स्टॅनफर्ड आणि पहिल्या फेरीत बाद झालेला संघ, दोघांची या हिशेबातली कमाई सारखीच: शून्य. एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाने महिला संघाच्या प्रशिक्षकाला पगारवाढ नाकारली तर त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या वहीत जिंकल्याचे पैसे दिसतच नव्हते.

कायदा कुठे होता

अमेरिकेत 1972 पासून 'टायटल नाइन' हा कायदा आहे. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगभेद करता येत नाही. महाविद्यालयीन महिला खेळ वाढले ते मुख्यतः या कायद्यामुळे. मग एनसीएएला तो लागू कसा नाही? 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका व्हॉलीबॉलपटूच्या खटल्यात निकाल दिला की सदस्य विद्यापीठांकडून वर्गणी घेते एवढ्याने एनसीएए या कायद्याच्या कक्षेत येत नाही. विद्यापीठं बांधलेली, पण त्यांनीच मिळून चालवलेली संघटना मोकळी! कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल मुद्दाम वाचावा असं मी म्हणेन.

याच्या मागेही एक इतिहास आहे. 1970 च्या दशकात महिलांच्या महाविद्यालयीन खेळांची स्वतःची संघटना होती, एआयएडब्ल्यू. ती महिलांनी चालवलेली होती. 1982 साली एनसीएएने महिला बास्केटबॉलची आपली स्पर्धा सुरू केली आणि प्रवासखर्च देऊ करून, टीव्हीचं बळ वापरून बहुतेक मोठे संघ ओढून घेतले. त्या वर्षी दोन्ही स्पर्धा झाल्या. एनसीएएची लुइझियाना टेकने जिंकली, दुसरी रटगर्सने. त्यानंतर एआयएडब्ल्यू बंद पडली, तिने केलेला मक्तेदारीविरोधी दावाही फेटाळला गेला. महिलांची स्पर्धा एनसीएएत आली ती अशी, चालू घराला मागच्या बाजूने काढलेल्या खोलीसारखी, आणि पुढची चाळीस वर्षं तिचा हिशेबही तसाच ठेवला गेला.

पुढे काय बदललं

जे बदलायला सोपं होतं ते लगेच बदललं. 2022 पासून महिलांच्या स्पर्धेतही 68 संघ आले, 'मार्च मॅडनेस' हे नाव दोन्हीकडे वापरलं जाऊ लागलं, भेटवस्तू आणि सोयी सारख्या झाल्या. पुरुष आणि महिलांच्या उपांत्य-अंतिम फेऱ्या एकाच शहरात घ्याव्यात ही अहवालाची सूचना मात्र अमलात आली नाही. मला स्वतःला ती सूचना पटलेलीही नाही. एकाच आठवड्यात, एकाच शहरात, महिलांचा सामना पुरुषांच्या सावलीत जाण्याची भीती खरी आहे आणि अनेक प्रशिक्षकांनाही ती वाटत होती.

प्रेक्षक मात्र कुणाची वाट पाहत थांबले नाहीत. 2023 चा अंतिम सामना पहिल्यांदाच एबीसी या मोठ्या राष्ट्रीय वाहिनीवर दाखवला गेला. एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, आयोवाला 102–85 असं हरवलेला तो सामना सरासरी 99 लाख लोकांनी पाहिला. 2024 मध्ये स्टार खेळाडू केटलिन क्लार्कची आयोवा पुन्हा अंतिम फेरीत होती. साउथ कॅरोलिनाने 87–75 असा जिंकलेला तो सामना जवळपास 1.89 कोटी लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना त्या वर्षी 1.48 कोटींवर राहिला. महिलांच्या सामन्याला जास्त प्रेक्षक मिळण्याची ती पहिलीच वेळ. क्लार्क महाविद्यालयीन खेळातून बाहेर पडल्यावर 2025 मध्ये आकडा 85 लाखांच्या आसपास उतरला, हेही सांगायला हवं. तरी तो 2021 च्या दुपटीहून जास्तच होता.

आणि करार? जानेवारी 2024 मध्ये, म्हणजे त्या विक्रमी सामन्याच्या तीन महिने आधी, एनसीएएने ईएसपीएनशी नवा करार केला: आठ वर्षं, 92 कोटी डॉलर, 40 अजिंक्यपद स्पर्धा. त्यात महिला बास्केटबॉलची किंमत वर्षाला सुमारे 6.5 कोटी धरली गेली. जुन्या भावापुढे ही मोठीच उडी. पण मोट पुन्हा बांधलीच, आणि किंमत अहवालाच्या सर्वांत कमी अंदाजाच्याही खाली राहिली. स्वतंत्र विकून बघण्याचा धोका एनसीएएने घेतला नाही. नवे अध्यक्ष चार्ली बेकर यांची बाजू अशी की बाकीच्या खेळांनाही प्रक्षेपण मिळायला हवं, त्यासाठी एकत्र विकणं फायद्याचं. कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, सॉफ्टबॉलवाल्यांना हे पटेल. बास्केटबॉलच्या मुलींनी त्यांचा भार किती वर्षं वाहायचा, हे कुणी त्यांना विचारलेलं नाही.

या करारामुळे एक गोष्ट शक्य झाली. जानेवारी 2025 मध्ये एनसीएएच्या अधिवेशनात महिलांच्या स्पर्धेलाही युनिट देण्याचा ठराव 292 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाला. पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलर, पुढे दोन कोटी, 2027-28 पर्यंत अडीच कोटी. पहिल्या वर्षी एका युनिटची किंमत पडली अंदाजे 1 लाख 13 हजार डॉलर. पुरुषांच्या युनिटपुढे ही रक्कम चिल्लर आहे, पण क्रीडा संचालकाच्या वहीत आता महिला संघाच्या जिंकण्याची नोंद होते.

जुन्या भावाचं काय झालं ते दुसऱ्या एका हिशेबात दिसतं. महाविद्यालयीन खेळाडूंना कमाईचा हक्क मिळावा म्हणून 2020 मध्ये दाखल झालेल्या खटल्यात ग्रँट हाउस या जलतरणपटूबरोबर सेडोना प्रिन्सही वादी होती. जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्यातला समझोता मंजूर केला. 2016 पासूनच्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलरची भरपाई. तिच्या वाटपाचं सूत्र ढोबळमानाने असं: 75 टक्के अमेरिकन फुटबॉल, 15 टक्के पुरुष बास्केटबॉल, 5 टक्के महिला बास्केटबॉल, 5 टक्के बाकी सगळे. हे प्रमाण ठरलं ते त्या वर्षांत कुठल्या खेळाला बाजारात किती किंमत मिळत होती त्यावरून. काही महिला खेळाडूंनी टायटल नाइनचा आधार घेऊन लगेच अपील केलं आणि भरपाईचं वाटप थांबलं.